आमच्याकडे कुणी तंबाखू खात नाही

शनिवारी शाळा सकाळची असायची. दुपारी दप्तर घेऊन टेकडी चढताना तिसऱ्या वळणावर आलं की नाकाला कळायचं, आज आईनं तवा ठेवलाय. भांडुपच्या टेकडीवरची आमची चाळ म्हणजे उतारावर एकाखाली एक बसवलेल्या खोल्यांच्या ओळी, आणि त्यांच्या मधून खालच्या रस्त्यापर्यंत उतरणाऱ्या दगडी पायऱ्या. त्यामुळे वास वरून खाली वाहायचा. तळलेल्या बोंबलाचा, कुणाच्या धुपाचा, आणि शनिवारी आमच्या तव्याचा. हा तवा भाकरीचा नव्हे. तो वेगळा, जुना, मोरीमागच्या खिळ्याला टांगलेला असायचा आणि त्याला दुसऱ्या कामासाठी हात लावायला मनाई होती. आई त्यावर तंबाखूची पानं चुरून टाकायची आणि मंद आचेवर उलथण्यानं हलवत राहायची. धूर थेट घशात जायचा. मी शिंकत सुटायची, बाबा पेपर घेऊन बाहेर जाऊन बसायचे. पानं काळी झाली की परातीत गार करायची, खलबत्त्यात कुटायची, जुन्या पातळाच्या फडक्यातून चाळायची. झाली मशेरी. चिमूटभर बोटावर घ्यायची आणि दातांना, हिरड्यांना सावकाश चोळत बसायचं.

आई शेजारच्या बायकांचीही भाजून द्यायची. करपली तर कडू होते, कच्ची राहिली तर चक्कर येते, आणि आईचा हात म्हणे बरोब्बर होता. शेजारच्या परबकाकू मालवणच्या. त्या आपली पानं पदरात घेऊन यायच्या, म्हणायच्या, "वैनी, तुझ्या हातची लावलंय की माका सकाळ झाल्यासारी वाटता." आई आमची गुहागरकडची, फार बोलणारी नाही. पण या कौतुकानं ती खूश व्हायची आणि चाळायचं फडकं दोनदा जास्त हलवायची. ते काम संपलं की मोरी धुऊन मग भाकरीचा तवा चढायचा. तांदळाच्या भाकऱ्या, सुकटाची चटणी, कधी बांगड्याचं तिकलं. माझ्या आठवणीत तंबाखूचा धूर आणि भाकरीची वाफ एकमेकांना चिकटून बसली आहेत. आता मुलुंडच्या माझ्या स्वयंपाकघरात भाकरी टाकताना मला अजून उगाच शिंक येते. माझा मुलगा म्हणतो, आई, तुला पिठाची अॅलर्जी आहे. तुझ्या त्या कामांच्या यादीत डॉक्टरांची वेळ घेणं लिहून ठेव. मी लिहीत नाही. एवढी एक गोष्ट मी यादीत घालत नाही.

पाणी पहाटे यायचं. हंडे, पिंप, बादल्या, शेवटी तपेलीसुद्धा भरून ठेवायची, आणि मग नळ सुस्कारा टाकून बंद व्हायचा. तो सुस्कारा ऐकला की आमच्या ओळीतल्या बायका पायऱ्यांवर येऊन बसायच्या. प्रत्येकीची पायरी ठरलेली. प्रत्येकीच्या मुठीत छोटी डबी, बहुतेक बामची किंवा स्नोची रिकामी. मग बोट तोंडात आणि गप्पा सुरू. तोंड भरलेलं असल्यानं शब्द जाड होऊन बाहेर पडायचे, पण सगळ्यांना सगळं समजायचं. कुणाची नणंद आली, कुणाचं बाळंतपण कुठे करायचं, गावच्या घराची कौलं कुणी शाकारायची. मी आईच्या खालच्या पायरीवर बसायची आणि ती मोकळ्या हातानं माझ्या केसांतला गुंता काढायची. वर कुणाच्या तरी रेडिओवर भजन चालू असायचं, खाली रिक्षा चालू होत नसल्याची खरखर. अर्धा-पाऊण तास तसा जायचा. मग एकेक जण चूळ भरून उठायची आणि दिवस सुरू व्हायचा. डबे, गिरणी, रॉकेल, धुणं, आणि आईच्या बाबतीत खालच्या बंगल्यातली पोळ्यांची कामं.

माझी शाळा टेकडीच्या पायथ्याशी होती. तिथे मी वर्गाची मॉनिटर होते आणि मला ते फार आवडायचं. खडू किती उरले, डस्टर कुणाकडे, सहामाहीचे पेपर कुणी सही करून आणले नाहीत, हे सगळं मी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवायची. आम्हाला विज्ञान शिकवायला कर्णिकबाई होत्या. मुलुंडहून यायच्या, कडक इस्त्रीची साडी, पर्समध्ये कायम एक छोटी कात्री. एकदा मधल्या सुट्टीत त्यांनी दहावीतल्या एका मुलाला वडापाव खाताना पाहिलं. तो पावाचे चिमटीएवढे तुकडे करून ओठांच्या फटीतून आत सरकवत होता. "नीट खा की रे," बाई म्हणाल्या. तो म्हणाला, "एवढंच उघडतं, बाई." गुटख्यानं त्याचा जबडा आखडला होता. बाई त्या दिवशी तासाला आल्या आणि पुस्तक उघडलंच नाही.

शाळेजवळ तंबाखू विकायची नाही हा कायदा तेव्हा यायचा होता. फाटकासमोरच पानटपरी होती आणि गुटख्याच्या पुड्यांच्या माळा मुलांच्या डोक्याला लागतील इतक्या खाली लोंबायच्या. बाईंनी टपरीवाल्याशी भांडण केलं नाही. त्या रोज मधल्या सुट्टीत छत्री उघडून टपरीच्या शेजारी उभ्या राहू लागल्या. नुसत्या उभ्या. विज्ञानाच्या बाई शेजारी असताना पुडी मागायची कुणाची छाती होणार? काही आठवड्यांनी टपरीवाला कंटाळून म्हणाला, "बाई, तुम्ही उन्हात काळ्या पडाल. मीच जातो." आणि तो खाली रिक्षा स्टँडकडे गेला. शाळेत हा विजय आम्ही पेढे वाटल्यासारखा साजरा केला. मग फलक आले, घोषणा आल्या, गुटखासुराचं नाटक आलं. नाटकाचं सामान, मुखवटे, कुणी कुठून आत यायचं, याची जबाबदारी अर्थात माझी. चित्रकलेच्या सरांनी पाण्याच्या नळांच्या वरची भिंत रंगवून तिच्यावर हातभर अक्षरांत लिहिलं, 'आमची शाळा तंबाखूमुक्त शाळा'. ती भिंत निवडली, कारण तेवढीच नव्यानं गिलावा केलेली होती.

त्याच दिवसांत बाईंनी वर्गात विचारलं, "कुणाच्या घरी तंबाखू खातात? हात वर करा. मी कुणाला बोलणार नाही." काही हात वर आले, काही अर्धवट. माझा खाली होता आणि मान ताठ होती. आमचे बाबा गिरणी बंद पडल्यावर एका कारखान्यात गेटवर होते, आणि ते सुपारीसुद्धा खात नसत. आमच्याकडे कुणी तंबाखू खात नाही, हे मी अगदी मनापासून म्हटलं असतं. माझ्या शेजारी बसणाऱ्या परबांच्या शुभानं तिच्या वडिलांसाठी हात वर केला आणि मला तिची दया आली.

मुलांना सांगून भागत नाही, आयांना बोलवायला हवं, असं बाईंनी ठरवलं. माता-पालक सभा ठेवली, महापालिकेच्या दवाखान्यातल्या दातांच्या एक तरुण डॉक्टर बोलावल्या. दुपारची वेळ, जेवणं उरकल्यावरची. आमच्या ओळीतल्या सगळ्या बायका ठेवणीतल्या साड्या नेसून आल्या आणि सभागृहात सतरंजीवर बसल्या. डॉक्टर यायला उशीर झाला. मी पाण्याचे ग्लास फिरवत होते. बायका पदराआड तोंडं करून कुजबुजत होत्या. शेवटी डॉक्टर आल्या, चित्रं दाखवली, जबड्यांची, गालांची. बायका "अरे देवा" म्हणाल्या. मग डॉक्टरांनी विचारलं, "तुमच्यापैकी कुणी तंबाखू खातं का?"

"आमी?" परबकाकू म्हणाल्या. "अवो बाई, आमचे घोव खातत. त्येंका बलवा नि ही चित्रां दाखवा."

सगळ्या हसल्या. डॉक्टरही हसल्या. "बरं, पण आलाच आहात तर तपासून घेऊ. एकेकीनं पुढे या आणि आ करा."

"आत्ता?" कुणीतरी विचारलं.

"आत्ता."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. परबकाकू गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "थांबा हां. वाईच तोंड धुवन येतंय." त्यांच्यामागून दुसरी उठली, तिसरी उठली. बघता बघता निम्मी सतरंजी रिकामी झाली आणि सगळ्या नळांपाशी जाऊन रांगेत वाकल्या. मुलांसाठीचे नळ, कमरेइतके खाली. दुपारच्या जेवणानंतरची मशेरी प्रत्येकीच्या तोंडात होती. चुळा भरल्या गेल्या आणि पांढऱ्या टाइल्सच्या पन्हळीतून चहाच्या रंगाचं पाणी वाहू लागलं. रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. वर हातभर अक्षरं.

कर्णिकबाई टॉवेल घेऊन आल्या होत्या. त्या पन्हळीकडे बघत राहिल्या. मग मला विचारलं, "वैशाली, हे काय आहे?"

"मशेरी, बाई."

"ते कळलं. कशाची करतात ती?"

"तंबाखूची," मी म्हटलं, आणि तो शब्द माझ्याच कानावर नव्यानं पडला. मी घाईघाईनं पुढे जोडलं, "पण भाजून."

"भाजली की तिचा जोर जाता," परबकाकूंनी ओल्या तोंडानं खुलासा केला. "ती काय खायची नसता बाई. दातांक लावची."

बाई रागावतील असं मला वाटलं होतं. त्यांनी भिंतीवरची अक्षरं एकदा वाचली आणि टॉवेल परबकाकूंच्या हातात दिला. "माझं चुकलंच," त्या म्हणाल्या. "दात कशानं घासता, हे विचारायला हवं होतं." आज मी घाटकोपरच्या एका शाळेत पर्यवेक्षिका आहे आणि अशा मोहिमा माझ्याकडेच असतात. पालकांना विचारायच्या प्रश्नांत मी तंबाखूचा प्रश्न शेवटी ठेवते. पहिला प्रश्न दातांचा. नव्या शिक्षकांना ते विचित्र वाटतं. एकदा उत्तरं आली की वाटेनासं होतं.

त्या दिवशी तपासणीला आई सर्वांत शेवटी गेली. बाकीच्यांना डॉक्टरांनी मिनिटभरात सोडलं होतं. आईचा गाल त्यांनी बोटानं ताणला, बॅटरी आणली, पुन्हा पाहिलं. डाव्या गालाच्या आत पांढरा चट्टा होता. "तिखट लागतं का हो इथे?" त्यांनी विचारलं. मला एकदम दिसलं की किती तरी दिवस आई चटणी घेत नव्हती. ताकात भाकरी कुस्करायची, आणि मी समजत होते, तिला ताक आवडायला लागलंय.

"आज हा कॅन्सर आहे असं मी म्हणत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पण मशेरी चालू ठेवलीत, तर उद्या होऊ शकतो. सोडलीत तर चट्टा जाऊही शकतो. पूर्ण सोडायची. आणि मला परत दाखवायला यायचं."

"दुखत नाही पण," आई म्हणाली.

"न दुखणारंच वाईट असतं, ताई."

टेकडी चढताना आई एका पायरीवर थांबली. दम लागला म्हणून नव्हे. "बाबांना मी सांगेन," ती म्हणाली. तिनं सांगितलं तेव्हा बाबा घाबरले, आणि घाबरले की ते हुकूम सोडायचे. "बंद म्हणजे बंद. उद्यापासून. त्यात काय एवढं?" रात्री जेवताना त्यांनी आपल्या ताटातली माशाची पोटाकडची तुकडी न बोलता आईच्या ताटात सरकवली. तिला तिखट लागतं, हे त्या घाबरलेल्या माणसाच्या लक्षात आलं नव्हतं.

मी माझ्या पद्धतीनं कामाला लागले. दंतमंजनाची पांढरी पूड आणली. लवंगा, बडीशेप, खडीसाखर वेगवेगळ्या पुड्यांत बांधली आणि कुठली कधी तोंडात टाकायची ते आईला पाठ करायला लावलं. आई ऐकायची. तिचं डोकं ठणकायचं, आमटीत मीठ दोनदा पडायचं, माझ्या केसांचा गुंता काढता काढता ती एकदम फणी टाकून उठायची. पण ती लावत नव्हती. पुड्या संपत आल्या तशी मी मनातल्या मनात या कामापुढे बरोबरची खूणसुद्धा करून टाकली. मग शनिवार आला आणि परबकाकू पदरात पानं घेऊन दारात उभ्या राहिल्या. "तू लावू नको गो. पण भाजून तरी दी. माझी करपता." आई नाही म्हणू शकली नाही. तवा खिळ्यावरून खाली आला. संध्याकाळी मी अभ्यासाला बसले तेव्हा आई कांदा चिरत होती, आणि तिच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं टोक काळं होतं.

"आई, लावलीस?"

"लावली." सुरी चालूच होती.

"अगं, डॉक्टर काय म्हणाल्या? तो चट्टा..."

"माहितेय मला काय म्हणाल्या. माझ्या तोंडात आहे तो." मग तिनं सुरी ठेवली. "डोकं दुखतं ते मी सोसेन गं. ते काही एवढं नाही. पण पांढऱ्या पुडीनं दात दोन मिनिटांत होतात. मग मी पायरीवर बसून काय करू? तोंडात काही नसताना बाई नुसती बसते का कुठे? परवा बसले, तर तुझे बाबा आतून म्हणाले, मोकळीच आहेस तर चहा टाक. मशेरी लावताना कधी म्हणाले होते? कुणीच हाक मारत नाही तेव्हा. तोंड भरलेलं असतं ना बाईचं."

मी तेरा-चौदा वर्षांची होते. मला हे समजायला थोडा वेळ लागला, आणि समजलं तेव्हा मी लगेच उपाय काढला, कारण मला दुसरं काही येत नव्हतं. सोमवारी कर्णिकबाईंना सांगितलं. त्या विचारात पडल्या. शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी मण्यांच्या माळा हव्या होत्या. मी म्हटलं, बाई, ते काम आमच्या पायरीवरच्या बायकांना देऊ. हातात काहीतरी असलं की बसता येईल. बाईंना पटलं. मी मण्यांची पिशवी घेऊन उड्या मारत टेकडी चढले आणि आईसमोर ती योजना मांडली.

आईनं पिशवीत हात घालून मणी पाहिले. "म्हणजे," ती म्हणाली, "मशेरी सोडायची, डोकं धरून बसायचं, आणि वर सकाळच्या पारी माळा ओवायच्या?"

"हातांना काम..."

"हातांना काम कमी आहे का गं माझ्या?" आणि ती हसायला लागली. चट्टा कळल्यापासून पहिल्यांदा, पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मला राग आला होता. आज मी स्वतः चाळिशी ओलांडली आहे, घर आहे, शाळा आहे, आणि एखाद्या रविवारी खिडकीशी बसले की मला कुणीतरी काहीतरी आणून देतं, हे जरा बघ ना म्हणत. ते हसू मला आत्ता कळतं.

आईनं पुन्हा सोडली. मधे एकदा घसरली, परत सोडली. तवा परबकाकूंकडे देऊन टाकला, म्हणाली, करपली तर करपू दे, शिकाल. पुढे बाबा आणि मी तिला दवाखान्यात घेऊन गेलो तेव्हा डॉक्टरांनी बॅटरी लावून गाल पाहिला, आणि चट्टा फिका झालाय म्हणाल्या. त्यानंतरच्या खेपेला तो शोधावा लागला. ही बातमी मोठीच होती, आणि बाबांनी येताना खरोखरीचे पेढे आणले. पण मला त्या दिवसापेक्षा त्याच्या आधीची एक सकाळ जास्त स्पष्ट आठवते. चट्ट्याचं काय होणार हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं.

नळानं सुस्कारा टाकला. बायका पायऱ्यांवर येऊन बसल्या, डब्या उघडल्या. आईनं मोरीत पांढऱ्या पुडीनं दात घासले, तोंड पुसलं. एरवी ती तशीच स्टोव्हकडे वळायची. त्या दिवशी ती दार ओलांडून बाहेर आली आणि आपल्या पायरीवर बसली. हात मांडीवर. मी खालच्या पायरीवर वेणी घालून घ्यायला बसले.

"अगं, चहा?" बाबांनी आतून विचारलं.

"ठेवा," आई म्हणाली.

"तू काय करतेयस?"

"बसलेय."

"दात झाले ना घासून?"

"झाले."

"मग?"

"मग बसलेय."

पायऱ्यांवरची बोटं तोंडातल्या तोंडात थांबली. बाबा दारापर्यंत आले. बनियनवर, हातात रिकामं पातेलं. त्यांनी आईकडे पाहिलं, मग पायरीवरच्या सगळ्या बायकांकडे, आणि आत गेले. काड्यापेटीचा आवाज आला. एक काडी, दुसरी काडी.

"साखर कुठाय?"

"डब्यात," आई मागे न वळता म्हणाली.

"कुठल्या डब्यात?"

परबकाकूंना हसू आवरेना, आणि मशेरी तोंडात ठेवून नीट हसता येत नाही. त्या उठल्या, गटाराशी जाऊन खळखळून चूळ भरली, परत आल्या त्या आपल्या पायरीवर न बसता आमच्या पायरीशी येऊन उभ्या राहिल्या. "सरक गो वाईच, वैनी. आज माका पण नुसतां बसाचा आसा."

आई सरकली. आत एक डबा खाली पडला आणि घरभर काहीतरी सांडल्याचा आवाज आला. मी उठायला गेले, तर आईनं माझी अर्धी घातलेली वेणी धरून मला परत खाली बसवलं.

"बस," ती म्हणाली. "सापडेल त्यांना."